बिशपांच्या दोन खुर्च्या

३ जानेवारी १९९९
पप्पा यायचं नाही म्हणतात! लग्न कुठेही कर, पण त्या कॅथलिकांच्या कॅथेड्रलमध्ये मी पाऊल टाकणार नाही, तुझा हात धरून न्यायला दुसरा माणूस बघ. दुसरा कुठून आणू? बाप काय भाड्याने मिळतो? मनोजच्या आईंचं, लताबाईंचं, एकच — लग्न आमच्याच कॅथेड्रलमध्ये. आणि मनोज दोघांनाही हो म्हणतो. डोकं भणभणलंय.

५ जानेवारी
अकरा वर्षं झाली त्या गोष्टीला. पप्पांचे दोस्त पुंजाकाका वारले, ते कॅथलिक. त्याच कॅथेड्रलमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, चालू होती. प्रभुभोजनाची रांग लागली तसे पप्पाही उभे राहिले. आम्हा प्रॉटेस्टंटांकडे बाप्तिस्मा झालेला कुणीही चालतो, त्यांच्याकडे चालत नाही — हे पप्पांना कुठे माहीत! भाकरीसाठी ओंजळ पुढे केली. फादरनी हळूच विचारलं, तुम्ही कॅथलिक? नाही म्हटल्यावर ओंजळ रिकामीच. भरल्या चर्चसमोर परत फिरले. मी बारा वर्षांची होते. त्यांचे लाल झालेले कान अजून आठवतात.

९ जानेवारी
मनोजला दोनदा फोन लावला. दोनदा ठेवून दिला.

१४ जानेवारी
मनोजने भलतंच काढलं. त्यांच्या बिशपांच्या खुर्चीची बैठक खाली गेलीय, पप्पा विणून देतील का? नाशकात वेताचं काम पप्पांसारखं कुणी करत नाही हे खरं. आमच्या कॅथेड्रलमधली बिशपांची खुर्ची तेच विणतात. लहानपणी मला सांगायचे, चर्च कितीही जुनं, कितीही मोठं असो, बिशपांची खुर्ची ठेवली तर ते कॅथेड्रल, नाही तर नुसतं चर्च. म्हणजे एका गावात दोन बिशप, दोन खुर्च्या, आणि मध्ये मी!
भीत भीत पप्पांना विचारलं. "इथे आणून टाक म्हणावं."

१८ जानेवारी
ती खुर्ची भिंतीत पक्की बसवलेली आहे, हलत नाही. पप्पांना सांगितलं. संध्याकाळी बघते तर मोरीत बादलीत वेत भिजत घातलेला!

१९ जानेवारी
पप्पा गेले विणायला. मी शाळेत दिवसभर पोरांवर उगाच खेकसत होते. घरी आल्यावर कळलं, त्या वेळचेच फादर — आता म्हातारे झालेत — शेजारी बसून होते. काय बोलले, विचारलं. म्हणे, विणायचं सोडून गप्पा मारू का?

२१ जानेवारी
काम झालं. जेवताना पप्पा आपणहून बोलायला लागले. फादर म्हणाले, नियम होता, भाकर देता येत नव्हती, आजही येत नाही. पण हात छातीवर आडवे घेऊन आलात तर आशीर्वाद देता येतो. त्या दिवशी एवढं सांगायचं राहिलं, ते चुकलंच माझं.
"मग अकरा वर्षं का लागली सांगायला?" पप्पांचा आवाज चढला. जणू मीच फादर! ताट सरकवून उठले. संपलं सगळं. खूप रडले.

२४ जानेवारी, रविवार
सकाळी पप्पा म्हणाले, चल, खुर्चीतला वेत वाळून कसा ताणला गेलाय ते बघून येऊ. मिस्सा चालू होती. मागच्या बाकावर बसलो. रांग लागली आणि पप्पा उठले. फादरांसमोर पोचले, दोन्ही हात छातीवर आडवे घेतले, मान खाली घातली. फादरांचा हात बराच वेळ त्यांच्या डोक्यावर होता.
बाहेर आल्यावर म्हणाले, "लताबाईंना तारीख विचार."