पहिल्या दोन ओळी

बाबूजी, तुमच्या मुलीचं पोट आता पहिल्या दोन ओळींवर चालतं, आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही. फुलचूरच्या भाड्याच्या खोलीत बसून मी लोकांच्या पोस्टी लिहिते. राईस मिलवाले, डॉक्टर, कोचिंगवाले मोबाईलवर आपल्या धंद्याबद्दल चार शब्द टाकतात, त्या. वाचणाऱ्याला आधी दोनच ओळी दिसतात, पुढचं वाचायचं तर बोट लावावं लागतं. नाही लावलं तर बाकीची मेहनत पाण्यात. काल एक मिलवाले 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो की' अशी सुरू होणारी पोस्ट घेऊन आले. मी ते खोडलं आणि लिहिलं, 'मागच्या साली आमचा तांदूळ परत आला. बरं झालं.' ते घाबरले. "मॅडम, ये क्या लिख दिया? इज्जत जाएगी मेरी." मी म्हटलं, टाका तर खरं. संध्याकाळपर्यंत त्यांचा फोन वाजायचा थांबेना.

तुम्हाला हे पटलं नसतं. आपल्या केशोरीत कोणाकडे कामानं गेलं की आधी बसायचं, पाणी प्यायचं, लेकराबाळांचं, बैलांचं विचारायचं, आणि कामाचं बोलायचं ते उठता उठता, दारात. तुम्ही कालव्याच्या साहेबांकडेही तसेच गेलात. इटियाडोह धरणाचं पाणी आपल्या शेतातल्या बांध्यांपर्यंत पोचत नव्हतं, धान लोंबीवर आलेला, आणि तुम्ही त्यांच्या गावाची, आईच्या तब्येतीची चौकशी करत बसलात. साहेब चहा पाजून मीटिंगला निघून गेले. दुसऱ्यांदाही तेच. तोवर खालच्या बांध्या वाळल्या. तिसऱ्यांदा मी सोबत होते, दहावीतली. खुर्चीकडे न पाहता दारातूनच म्हटलं, "साहेब, आमचा धान वाळून राहिला. पाणी कधी सोडता?" त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. त्याच हप्त्यात पाणी आलं.

परतताना सायकल हातात धरून तुम्ही चालत होता. "आल्या आल्या कामाचं बोलते का कोणी? कायले एवढी घाई होती तुले? भिकाऱ्यावानी वाटलं मले." वरच्या बांध्या वाचल्या, तो तांदूळ आपण वर्षभर खाल्ला, आणि पोरीमुळं वाचला एवढं तुमच्या तोंडून निघालं नाही. मला राग आहे, बाबूजी. तुम्ही गेल्यावरही तो गेला नाही. मी चुकले नव्हते. आज त्या दारात उभी केलीत तरी तेच बोलेन, आणि जरा मोठ्यानं.

मागच्या महिन्यात मी पहिल्यांदाच स्वतःच्या धंद्यासाठी एक पोस्ट लिहिली. सुरुवात अशी: 'माझ्या बापानं अदबीपायी अर्धं पीक वाळवलं.' आजवर लिहिलेल्यात सगळ्यात भारी ओळ आहे ती. टाकली तर लोक थांबतील, बोट लावतील, हसतील. कामं वाढतील, आणि मला कामं पाहिजेत. रोज उघडते, वाचते, बंद करते. हे पत्रही तसंच पडून राहणार. तुमच्याशी मी मरेपर्यंत भांडेन, पण दुसरं कोणी तुम्हाला हसलेलं मला चालत नाही.