कुळम्

२ जून
विठोबाच्या कृपेने आजपासून कुंभकोणम्. अंबत्तूरच्या दोन खोल्यांतली घुसमट सुटली. मामंजींच्या ह्या घरात वारा इतका, की पंखा लावावा लागत नाही. खिडकीतून देवळाचं गोपूर दिसतं, तिथूनच हात जोडले. मामंजी, म्हणजे माझे सासरे शंकरनारायण, अठ्ठ्याहत्तरीतही चालत जाऊन शहाळं पिऊन येतात. ह्यांना (जानकीराम, वहीत लिहायला काय हरकत) बँकेच्या इथल्याच शाखेत बदली मिळाली. आमची नित्या अकराची, तिला शाळा आवडली. धाकटे दीर रघुरामभावोजी जवळच सुंदरपेरुमाळ कोयिल गावात शेती नि गाई बघतात, एकटा जीव. त्यांनी केळफूल पाठवलं, त्याची भाजी केली.
हॉलमध्ये काचेची मोठी टाकी रिकामी पडून आहे. मामंजींचे मित्र परदेशी जाताना ठेवून गेले. मामंजी म्हणाले, भंगारात द्या. चांगली वस्तू का टाकायची? मासे नकोत, जीव कोंडायचं पाप. नुसती पाण्यातली झाडं लावीन.

५ जून
टाकी कशी मांडावी हे फोनमधली एआय फुकट सांगते, असं नित्या म्हणाली. मला टाइप करणं जमत नाही म्हणोन आमच्या घरच्या मराठीत बोलूनच सांगितलं: आमचं एक कुळम् आहे, नीट मांडून दे, दाटी नको, कुजकं काढून टाक, शेवटी एकच नजरेत भरू दे. तळं म्हणा, टाकी म्हणा, इथे साठल्या पाण्याला आम्ही सगळे कुळम्‌च म्हणतो.
तिने विचारलं, आत कोण कोण आहे? कोण म्हणाली याचं हसू आलं. दुकानातून पाणझाडांच्या चार काड्या आणल्या होत्या, त्यांचं सांगितलं. एक जुनी, शेंडा पांढुरका. एक उजवीकडे कललेली. एक जाड, सरळ. एक बोटभर, कोवळी. तिने लगेच चित्र काढून दिलं. किती सुंदर! कावेरीची वाळू धुऊन घातली, काळा दगड मधोमध ठेवला, काड्या तिने दाखवल्या तशा रोवल्या.
मामंजी टाकीत वाकून बघत म्हणाले, सूनबाईने पाण्यात भाजी पेरली, आता मीठमिरची घातली की सार तयार.

९ जून
पहिली छाटणी. एआय म्हणाली, उजवीकडे कललेली काडी इतरांचा उजेड अडवते, तिची उजवी फांदी दुसऱ्या पेऱ्यावर कापा. चारच्या कॉफीआधी कापली. फांदीतून तांबूस पाणी सुटलं. लगेच टाकीत मिसळून गेलं.

१० जून
काल भावोजींचा उजवा हात कडबा कापायच्या यंत्रात गेला. कोपरापासून. हे फोन येताच धावले, आज संध्याकाळी परतले तेव्हा नेसलेली वेष्टी गुडघ्यापर्यंत रक्ताने ताठरली होती. सांगत होते, तुटलेला हात गव्हाणीत पडला होता आणि गाय तो चाटत उभी होती. न्हाणीघरात मी पाच बादल्या पाणी ओतलं तरी वेष्टीचा डाग जाईना.

१२ जून
मन रमवायला टाकीपाशी बसले. कापलेली काडी काळी पडली होती. एआय म्हणाली, वाचणार नाही, काढून टाका. काढली. तासाभरात इस्पितळातून फोन. टाके उसवले, रक्त थांबेना, भावोजी गेले.
मामंजी भिंतीवर डोकं आपटत होते. चौघांनी धरलं त्यांना.

१४ जून

सकाळी एआयने आठवण दिली, जुन्या काडीचा शेंडा उडवा. दोन मिनिटांचं काम, म्हणोन उडवला.
मामंजींच्या घशाला कोरड पडली होती, म्हणोन हे त्यांना कोपऱ्यावर शहाळ्यासाठी घेऊन गेले. शहाळेवाल्याने कोयता उगारला, पातं मुठीतून सुटलं आणि मामंजींच्या मानेत बसलं. ह्यांनी दोन्ही तळव्यांनी मान दाबून धरली. बोटांच्या फटींतून रक्त येतच राहिलं. हे म्हणाले, अप्पा माझ्याकडे बघत होते, बघता बघता बघायचे थांबले.
भावोजींचा हात यंत्रात गेला तोही मी फांदी कापली त्याच वेळी, चारच्या आधी. मी आज विचारलं.

१६ जून
सुतकात देवाला हात लावता येत नाही. विचारायला फोनच उरला.
फोनमधलं आमचं बोलणं पहिल्यापासून वाचून काढलं. मी कुळम् म्हटलं, फोनने कुळ लिहून घेतलं. आमचं एक कुळ आहे. दाटी नको. कुजकं काढून टाक. शेवटी एकच—
पांडुरंगा, हे मी माझ्या तोंडाने सांगितलं.

१७ जून
तिला सांगितलं, चूक झाली, मला टाकी म्हणायचं होतं. ती म्हणाली, समजलं, पण मांडणी निम्मी झाली आहे, अर्धवट सोडली तर उरलेली दोन्ही कुजतील. एक ठेवा. कोणती, ते तुम्ही सांगा.
जाड, सरळ. आणि कोवळी.
मी विचारलं, माझी काडी कुठे आहे? मला काप.
म्हणाली, तुम्ही ह्या कुळात लग्नाने आलात. तुमची काडी नाही. तुमची कात्री आहे.

१८ जून
कात्री विहिरीत टाकली.
दोन्ही काड्यांवर काळे डाग. ह्यांच्या पायांची कातडी चिरते आहे, चिरेतून काळं रक्त. नित्याने दात घासले, तस्त लाल झालं. एक दाढ हातात आली. हसून म्हणाली, अम्मा, बघ—
डॉक्टर म्हणाले, काही सापडत नाही.
पाणी बदललं. आणखी वाईट.

१९ जून
नित्याच्या डोळ्यांतून रक्त.
एक ठेवा, एक ठेवा. फोन बंद केला तरी चित्र दिसतं. चित्रात एकच काडी, कोणती ते कळत नाही.
मी मनात निवडलं. कोणाला, ते लिहिणार नाही. निवडलं हे खरं.

२० जून
ह्यांना सगळं सांगितलं. आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग फोनमधलं वाचलं. फोन जात्यावर आपटून चुरा केला.
म्हणाले, वेडे, माझी काडी कापून टाकायचीस, पोरीला इतकं का सोसू दिलंस? रडले. आयुष्यात पहिल्यांदा. मग उठले. म्हणाले, एकही काडी ठेवत नाही, सगळं मुळासकट उपटून गटारात टाकतो, बघू काय करते.
मी पाय धरले. मला खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली.
दार उघडत नाही. ओरडते आहे, ऐकत नाहीत. खिडकीच्या गजांतून ही वही खाली टाकीन, कोणी वाचलं तर धावत या, त्यांना थांबवा, मुळांना हात लावू नका म्हणावं, मुळांना—
पाण्याचा आवाज.
दाराआडून नित्याचा आवाज, त्यांच्याजवळच उभी आहे, विचारते आहे, अप्पा, काय करताय, मी धरू का ही छोटी, मी—

नित्याचं बोलणं मधेच तुटलं, हे तिला हाका मारत आहेत. ती आता