तुलनेच्या जागेला हात लावू नये

५ फेब्रुवारी, मंगळवार

काल लिहिलं की अननसाचा शेंडा पाच घरांच्या ओल्या कचऱ्यात सापडला. चूक. सहा घरांत. आमचं घर शेवटी तोललं, ते मोजायचं राहून गेलं. चुकीवर एक सरळ रेघ ओढून वर बरोबर आकडा लिहिला आहे. खाडाखोड नाही. बाबा वजनमापं खात्यात निरीक्षक होते. शाळेत घालायच्या आधी त्यांनी मला बेरीज शिकवली ती पितळी वजनांवर. चूक लपवायची नाही, तिच्यावर रेघ ओढायची, हेही तेव्हाच शिकवलं. बाकीच्या मुली बाहुल्या झोपवायच्या, मी अर्धा किलो झोपवायची.

सगळं पहिल्यापासून नीट लिहून ठेवते, पुढे गोंधळ नको. आमच्या गल्लीत तीन वर्षं कचरा व्यवस्थापनाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालला. घरटी दोन डबे, ओल्याला हिरवा, सुक्याला निळा. आता निकालाचं मूल्यांकन. सोमवारी आणि गुरुवारी निवडक बारा घरांचा कचरा तोलायचा, हे काम माझं. नेमणूक ३१ मार्चपर्यंत. निकाल चांगला आला तर प्रकल्पाचा दुसरा टप्पा, आणि दुसरा टप्पा आला तर मी कायम. याचा माझ्या वजनांवर काडीचाही परिणाम होणार नाही.

बारा घरांत आमचंही घर निघालं. चिठ्ठ्या टाकून. ऑफिसातल्या मॅडमना लगेच लेखी कळवलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, एका घरी तरी तुला चहा विचारतील.

सहा घरांत अननस. निष्कर्ष: गल्लीत फळं खाण्याचं प्रमाण लक्षणीय.

६ फेब्रुवारी, बुधवार

तुलना केल्याशिवाय परिणाम कळत नाही. म्हणून जिथे प्रकल्प पोचलाच नाही अशी एक जागा लागते. आमची तुलनेची जागा म्हणजे ऑफिसमागचा मोकळा प्लॉट. दर बुधवारी तिथे काठी रोवून ढिगाची उंची बघायची. वाढतोच आहे. शिस्त नसली की माणसं कशी वागतात याचं जिवंत उदाहरण. रुमाल नाकाला लावून फोटो काढला, हात हलला, पुन्हा काढला.

सकाळी निघताना आईने पिशवी दिली. जुन्या पडद्याची, त्यावर मोठी पिवळी फुलं. प्रकल्पाने प्लास्टिक बंद केल्यापासून आई पडद्यांच्या पिशव्या शिवून गल्लीभर वाटते. म्हणाली, अगं, सगळं एकात एक झालंय, कुठल्या डब्यात घालू कळत नाही, जाताना ठेव कुठेतरी.

आज तोलायचा दिवस नाही. शिवाय पिशवी उंबऱ्याबाहेर माझ्या हातात आली तेव्हाच ती घरातला कचरा राहिली नाही. प्लॉटच्या कडेला ठेवली. टाकली नाही. ठेवली.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

प्लॉटला लागून बालवाडी आहे. तिथल्या बाई ऑफिसात आल्या. उंच, आवाज बसलेला. म्हणाल्या, तुमचं ऑफिसच कचऱ्याचं आहे, तेव्हा एवढा ढीग उचलून द्या. मुलं डबा उघडतात तर आधी माश्या जेवतात. खिडक्या लावल्या तर आत गुदमरायला होतं.

मला खरंच वाईट वाटलं. पण समजावून सांगितलं, की ही तुलनेची जागा आहे. आपण उचललं तर प्रकल्प असलेल्या आणि नसलेल्या जागेत फरकच उरणार नाही, मग परिणाम कसा मोजणार? बाईंनी पदराने एक माशी हाकलली. मग म्हणाल्या, म्हणजे आमची मुलं नापास झाली तरच तुम्ही पास होणार.

शास्त्रीय पद्धत सामान्य माणसाला समजावणं अवघड. संकल्प: सोप्या भाषेत एक पत्रक काढायचं.

११ फेब्रुवारी, सोमवार

तोललं. अननस आठ घरांत. शेंडे या वेळी जरा सुकलेले, टोकं तपकिरी. लोक पिकलेला अननस पसंत करू लागले असावेत.

पलीकडच्या काकूंकडे रोज बाहेरून जेवण येतं. नुसते पुठ्ठ्याचे डबे असतील या तयारीने गेले, तर हिरव्या डब्यात कोबीची पानं, दुधीची सालं आणि अननस. म्हटलं, काकू, स्वयंपाक सुरू केलात वाटतं. त्या म्हणाल्या, हो गं, म्हणजे, सालं काढायला सुरुवात केलीय.

प्रत्येक घरी दाराशी पाच मिनिटं थांबावं लागतं. मागच्या अंगणातून बायकांची लगबग, बांगड्यांचा आवाज, कोणीतरी दबक्या आवाजात म्हणत होतं, लवकर, लवकर, पाचव्यात शिरली. शेजारधर्म अजून टिकून आहे हे ऐकून बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

अननस नऊ घरांत. अहवालात नवीन परिच्छेद घातला: "अनपेक्षित सुपरिणाम: आहारातील सुधारणा." मॅडम खूश. हे प्रकल्पाच्या परदेशी साहेबांना फार आवडेल म्हणाल्या.

घरी सांगितलं तर वहिनी पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, वन्सं, त्या अननसाला आता तुमच्या ऑफिसात चिकटवा, तुमच्यापेक्षा जास्त घरं फिरतो. आईने तिला डोळ्यांनी दटावलं. वहिनीला माझ्या नोकरीबद्दल थोडी असूया आहे. समजू शकते.

१८ फेब्रुवारी, सोमवार

आज सातव्या घराच्या दाराशी न थांबता सरळ मागच्या अंगणात गेले. आई तिथे होती. भिंतीवरून काकूंच्या हातात शेंडा देत होती. मला बघून म्हणाली, आलीस? पुढून ये, पुढून.

संध्याकाळी विचारलं. आईचं म्हणणं असं: त्या बिचारीकडे नुसती पार्सलची खोकी. तू वहीत काय लिहिणार, परदेशात काय वाचणार, की ह्या बाईच्या घरात चूल पेटत नाही? पाहुणे आले की आपण शेजारून कप आणतो, मग चार सालं आणली तर काय बिघडलं? आणि शेंडा मुद्दाम ठेवलाय, तो असला की डबा भरल्यासारखा दिसतो.

बाबा पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, काटा बरोबर आहे ना? म्हटलं, काटा बरोबर आहे. मग झालं, म्हणाले.

रात्री नीट विचार केला. कचरा खरा आहे. वजन खरं आहे. काटा खोटं बोलत नाही. प्रश्न फक्त कचरा कोणाचा एवढाच, आणि तक्त्यात मालकीचा रकाना नाही. तो नसताना मी लिहिलं तर माझ्या मनचं लिहिल्यासारखं होईल.

आहाराचा परिच्छेद मात्र काढावा लागेल. किंवा "अननस" ऐवजी "फळे" असं करता येईल.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

काकूंची खोकी मग जातात कुठे, हा प्रश्न दोन दिवस डोक्यात. डब्यांत तर नसतात. भाजी चिरताना वहिनीला सहज विचारलं. ती म्हणाली, तुम्ही रोज नेता तिथेच, वन्सं. सगळी गल्ली तिथेच नेते. तुम्हालाच एकटीला ते ऑफिसच्या वाटेवर पडतं, बाकीच्यांना किती लांब जावं लागतं बघा.

म्हणजे प्लॉट.

म्हणजे गल्लीतला कचरा कमी होतो कारण प्लॉटवरचा वाढतो, आणि प्लॉटवरचा वाढला की गल्लीचा निकाल आणखी उजळतो.

उद्या मॅडमना सगळं सांगायचं. पहिल्यापासून, अननसासकट. ठरलं.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडम दौऱ्यावर.

२३ फेब्रुवारी, शनिवार

अर्धा दिवस. एवढी मोठी गोष्ट अर्ध्या दिवसात नको.

२५ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमना सर्दी. डोळ्यांतून पाणी. अशा माणसाला काय सांगणार. तोलून आले. आईने दोन नवे शेंडे मागवले आहेत, जुना आता बघवत नाही म्हणते.

पिशवी आज नेणार नव्हते. आईने हातात दिली, मागे वहिनी बघत होती, मुकाट्याने घेतली. प्लॉटवर न ठेवता ऑफिसच्या दारापर्यंत आणली. ऑफिसात ठेवणं बरं दिसेना. मग प्लॉट.

१ मार्च, शुक्रवार

सादरीकरण झालं. परदेशी साहेब पडद्यावर, त्यांच्यामागे पुस्तकांचं कपाट. मी आकडे वाचले. गल्लीतला कचरा निम्म्यावर आला. तुलनेच्या जागेचा दुप्पट झाला. या दोहोंतलं अंतर म्हणजे प्रकल्पाचा परिणाम. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा आवाज बंद होता, त्यामुळे नुसतेच हात दिसले.

शेवटी कोणाला काही भर घालायची आहे का, असं मॅडमनी विचारलं. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात साहेबांनी फळांबद्दल विचारलं. मग फळांबद्दल बोलले.

माझा प्लॉटचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर घेणार आहेत. खाली ओळ: "जिथे आपण अद्याप पोचलो नाही." फोटो छान आला आहे. अगदी पुढे पिवळ्या फुलांची पिशवी. आपल्या पडद्याचा रंग इतका खुलून येतो हे घरात कधी कळलं नव्हतं.

५ मार्च, मंगळवार

बालवाडीच्या बाई पुन्हा आल्या. चार मुलं पोटदुखीने घरी. दोघांच्या आयांनी नाव काढून घेतलं. बाई म्हणाल्या, तुम्ही उचलू नका, पण टाकतं कोण ते तरी शोधा. एकाच कापडाच्या पिशव्या आहेत, पिवळी फुलं. पुरुषांना नाही कळणार, पण कुठलीही बाई सांगेल, हा कोणाच्या तरी दिवाणखान्यातला पडदा आहे.

मी म्हटलं, चौकशी करते.

बाईंची नजर टेबलावर गेली. तिथे माझा जेवणाचा डबा होता, त्याच्या पिशवीत. आईनेच शिवलेल्या. त्यांनी पिशवीच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, शिवण चांगली आहे हो. आणि गेल्या.

डबा आता ड्रॉवरमध्ये ठेवते. मुंग्यांमुळे.

६ मार्च, बुधवार

आज सांगायचंच म्हणून मॅडमच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, मॅडम, प्लॉटच्या आकड्यांबद्दल जरा बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, अगं, त्याचंच तर सगळ्यांना कौतुक आहे. बस. बसले. त्यांनी बिस्किटं पुढे केली. दोन खाल्ली. त्यांनी माझ्या प्रामाणिकपणाचं उदाहरण साहेबांना दिलं म्हणे: स्वतःचं घर यादीत निघालं तर मुलीने लेखी कळवलं! एवढं कोणी आपल्याबद्दल बोलल्यावर लगेच उलटं सांगणं त्यांचा अपमान झाला असता.

काठी रोवायला गेले तर काठी पुरेना. लांब काठीची मागणी लेखी दिली आहे.

११ मार्च, सोमवार

दुसरा टप्पा मंजूर. आणखी तीन वर्षं. मी कायम, मूल्यांकन प्रमुख. आईने गल्लीभर पेढे वाटले. काकूंनी तिला मिठी मारली, म्हणाल्या, आपण जिंकलो गं. बाबांनी फक्त विचारलं, खाडाखोड नाही ना कुठे? म्हटलं, एकही नाही. खरंच नाही.

मंजुरीला एकच अट आहे. तुलनेची जागा तीन वर्षं आहे तशी राहिली पाहिजे. प्लॉटला तारेचं कुंपण घातलं, पाटी लावली: "मोजमाप सुरू आहे. हात लावू नये." गल्लीच्या बाजूने यायला छोटं फाटक ठेवलं आहे. फाटकाची सूचना माझी नव्हती. मी फक्त रुंदी सांगितली.

१५ मार्च, शुक्रवार, संध्याकाळी सात

बालवाडी बंद झाली. बाई हातगाडीवर छोट्या खुर्च्या चढवत होत्या. मी मदतीला गेले, एक लाल खुर्ची उचलून दिली. सांगितलं, बाई, माझ्या मनात आहे, मी हे सगळं बाहेर काढणार आहे. त्यांनी विचारलं, कधी? म्हटलं, योग्य वेळ आली की. त्या म्हणाल्या, माझ्या मुलांना तेवढं कळवा, तोवर तिसरीत जातील. खुर्ची माझ्या हातून घेतली आणि पुन्हा नीट, उलटी करून ठेवली.

घरी येऊन खूप रडले. मग तोंड धुतलं आणि शांत डोक्याने विचार केला. योग्य वेळ, असं मोघम बोलणं मला शोभत नाही. बाबांच्या शिकवणीत मोघम काही नसतं. दिवस ठरला पाहिजे.

आत्ता सांगितलं तर छापलेला अहवाल फुकट जाईल, हा एका अर्थी कागदाचा कचराच. त्यापेक्षा दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी जो अहवाल येईल त्यात "शिकलेले धडे" असं स्वतंत्र प्रकरण असतं. ते लिहिणार मीच. त्यात पहिल्याच ओळीत, साध्या भाषेत, सगळं: अननस, सालं, पिशव्या, फाटक, माझं नाव. कुठल्याही परिस्थितीत पुढे ढकलायचं नाही.

अहवाल द्यायची तारीख तीन वर्षांनी, १३ मार्च. मोबाइलमध्ये कॅलेंडर पुढे सरकवत नेऊन बघितलं. रविवार येतो. सोमवारी तोलायचं असतं.

मंगळवार, १५ मार्च. सकाळी अकरा वाजता, मॅडमचा चहा झाला की.