निशाण येप्पेच्या हवाली

मी, लाउरिट्स ब्रोगार्ड, वय सदुसष्ट, धंदा शेती, राहणार स्कोवडाल, नेब्रास्का, फुप्फुसांनी दगा दिला असला तरी डोके ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस घातलेले नसताना, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते येथे लिहून ठेवतो. यापूर्वी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

एक. घर, गोठा आणि सगळी जमीन मुलगा थॉरवाल्ड याची. त्याने ओढ्याकाठचा तुकडा विकू नये, असे मी सांगतो खरा. पण आजवर त्याने माझे काय ऐकले आहे?

दोन. सुतारकामाची हत्यारे मुलगी मारेन हिला द्यावीत. जावई भला आहे, पण त्याच्या हातात रंधा देऊ नये. बँकेतली शिल्लक दोघा भावंडांत निम्मी निम्मी.

तीन. माझ्या अंत्यविधीला पाद्रीबुवांनी थोडक्यात आटपावे. माझी पत्नी किर्स्टिना हिच्या वेळी, ती तरुणपणी नाचत असे या 'पापा'वरच त्यांनी इतके दळण दळले की लोकांची कॉफी थंड झाली. ते मी विसरलेलो नाही.

चार. आता निशाण. अठराशे चौसष्टच्या प्रशियाविरुद्धच्या लढाईतून वाचून इकडे आलेल्या आम्हा डेनिश शिपायांचा शस्त्रबंधू संघ आहे. सोबती गेला की त्याच्या शवपेटीवर संघ जे लाल-पांढरे डेनिश निशाण घालतो, ते किर्स्टिनाने स्वतःच्या कापडातून शिवले. संघाने कापडाचा मोबदला तर सोडाच, तिला दोन गोड शब्दही दिले नाहीत. ते तिचे होते, तिच्यामागे माझे आहे आणि माझ्यामागे ते येप्पे टॉफ्ट याचे होईल.

या येप्पेला संघ सभासद करून घेत नाही, कारण सत्तर साली तो प्रशियाच्या गणवेशात फ्रान्सवर गेला. गेला कसला, त्याला जबरदस्तीने नेले. चौसष्टच्या हिवाळ्यात बर्फातून माघार घेताना मी खाली बसलो, तेव्हा शिव्या घालून मला उठवणारा हाच. आम्ही हरलो आणि सरहद्द कोंगे नदीवर आली. माझे घर नदीच्या अलीकडे, त्याचे पलीकडे. मी डेनिश राहिलो, तो जागचा न हलता प्रशियाचा झाला. पळाला असता, तर म्हाताऱ्या आईचे तोंड पुन्हा दिसले नसते.

संघाचे अध्यक्ष सोफुस रीस यांनी अख्खी लढाई कोपनहेगनच्या कोठारात पिठाची पोती राखत काढली. ते भर सभेत म्हणाले, "शत्रूचा कोट अंगावर चढवला ना? मग आपलं निशाण मागायचं नाही."

येप्पे उठून एवढेच म्हणाला, "सोफुस, माझी आई जिवंत होती रे."

अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. त्या दिवसापासून मला या माणसांत बसवत नाही.

म्हणून यापुढे कोणासाठीही निशाण हवे असेल, तर संघाने येप्पेच्या दारी जावे आणि टोपी काढून मागावे. सुरुवात माझ्यापासून करावी. तो नाही म्हणाला, तर मला तसेच न्यावे.

पाच. वरचे कलम मी आज येप्पेला वाचून दाखवले. तो हसला. मग म्हणाला, "तुझ्यावर घालीन की, लाउरिट्स. पण माझ्या वेळी कोण घालणार? सोफुस?"

त्याचे उत्तर आता लिहितो. येप्पे गेल्यावर मारेनने ते स्वतःच्या हाताने त्याच्यावर पसरावे, त्याला माझ्या आणि किर्स्टिनाच्या शेजारी जागा द्यावी, आणि निशाण परत काढून घेऊ नये. त्याच्याबरोबर मातीत जाऊ द्यावे. मागे उरलेल्या शस्त्रबंधूंनी आपापल्या पेटीवर काय घालायचे ते बघावे.

स्कोवडाल, १४ नोव्हेंबर १९०७
(सही) लाउरिट्स ब्रोगार्ड

वरील सही आमच्यादेखत झाली. सही करताना ते पूर्ण शुद्धीवर होते, आणि संतापलेले होते.
साक्षीदार: इव्हर स्कोव, गिरणीवाले
साक्षीदार: डॉर्थेआ बांग, शिक्षिका