नाव विचारण्याच्या त्रासाबाबत

तीर्थस्वरूप दाजी यांस,

साष्टांग नमस्कार. (हर्नियामुळे साष्टांग तूर्त मनातल्या मनात घातला आहे. ऑपरेशन झालं की राहिलेली अंगं समक्ष येऊन टेकवीन.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कुरकुरतो का? ताईचा रक्तदाब आणि ताईचा पारा यांपैकी जे काही चढलं असेल ते एव्हाना उतरलं असावं अशी आशा करतो. मी इथे ठीक आहे, असं लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात मी ठीक नाही. माझं ऑपरेशन काल व्हायचं होतं, ते झालेलं नाही. का झालं नाही ही हकिगत दुसरं कुणी तिखटमीठ लावून सांगायच्या आत मीच सांगावी, म्हणून हे पत्र रिकाम्या डब्यात घालून तुमच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे. तुम्ही या हॉस्पिटलच्या विश्वस्त मंडळावर आहात, तेव्हा ती तुमच्या कानावर येणारच. माझी बाजू आधी पोचलेली बरी. आणि हो, ताईला इकडे येण्याची दगदग मुळीच देऊ नका. ती आली की शंभर प्रश्न विचारते, आणि प्रश्नांना मी इथे आधीच इतका विटलो आहे की विचारू नका. (बघा, इथेही 'विचारू नका' आलंच.)

पहिल्या दिवसापासून सांगतो. दारातल्या खिडकीवर बसलेल्या बाईंनी नाव विचारलं, ते समजण्यासारखं आहे. त्या मला ओळखत नव्हत्या. पण वॉर्डात आल्यावर तिथल्या मुख्य सिस्टरनी विचारलं. रक्त घ्यायला आलेल्या माणसानं विचारलं. छातीचा फोटो काढणाऱ्यानं विचारलं. मग पुन्हा मुख्य सिस्टर, हातात गोळी घेऊन: पूर्ण नाव सांगा, कशासाठी दाखल झालात, कुठली बाजू? मी म्हटलं, बाई, पाव तासापूर्वी जे नाव होतं तेच आहे, मधल्या काळात बदलायला सवड झाली नाही. त्या हसल्या नाहीत. डोक्याशी पाटी आहे, तिच्यावर नाव आहे, ते वाचून घ्या म्हटलं, तर म्हणाल्या पाटी नको, तुमच्या तोंडून हवं. बरं, 'तुम्ही अमुक ना?' असं विचारलं असतं तर नुसती मान हलवून भागलं असतं. पण तसं विचारायचं नाही म्हणे, मान कुणीही हलवतं. या बाईंचं नाव मी 'उलटतपासणी' ठेवलं आहे. चेहरा असा, की आपण खरं नाव सांगितलं तरी खोटं बोलल्यासारखं वाटावं. शिवाय मनगटावर नावाची प्लास्टिकची पट्टी. ती घड्याळाखाली इतकी खाजायची, की पहिल्याच संध्याकाळी मी ती दाढीच्या ब्लेडनं कापून कपाटात ठेवून दिली. (हरवलेली नाही. व्यवस्थित ठेवली आहे.)

आता तुम्ही म्हणाल, मेल्या, तू उभा जन्म बँकेत लोकांच्या सह्या जुळवण्यात घालवलास, सख्ख्या मेहुण्याचा चेक सहीचं शेपूट आखूड आहे म्हणून परत पाठवलास, आणि तुला चारदा नाव सांगायला काय धाड भरली? दाजी, ती गोष्ट वेगळी. तिथे विचारणारा मी होतो.

तेव्हा मी तुम्हाला फोन केला. तुम्ही माझा शब्द खाली पडू दिला नाहीत, आणि त्याबद्दल मी आभार मानणार होतो. परवा सकाळी मंडळाचा आदेश वॉर्डात आला: रुग्णांना वारंवार नाव विचारून मनस्ताप देऊ नये, खाटेच्या क्रमांकावरून खात्री करून घ्यावी. उलटतपासणीबाईंनी तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "वरून आलंय. आम्ही काय बोलणार?" समोरच्या रांगेतल्या दोघांनी मला हात उंचावून दाद दिली. गोळी आली, नुसती गोळी. सुई आली, नुसती सुई. इतका निवांतपणा मला लग्नानंतर मिळालेला नव्हता. (हे वाक्य ताईला दाखवू नका, ती लगेच हिला कळवील. ही मुलीच्या बाळंतपणाला गेली आहे आणि मी तिला ऑपरेशनचं मुळीच कळवलेलं नाही. एवढ्यातेवढ्यासाठी ती सगळं टाकून धावत येईल.)

आता शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण घोळ तिथून सुरू झाला. मी सात नंबर, ते आठ. धंद्यानं शिंपी, आता थकलेले, छातीत पाणी झालेलं, हृदय अधू. स्वभाव लोण्यासारखा. जन्मभर गिऱ्हाइकाला 'होय, उद्या नक्की' म्हणत आल्यामुळे समोरचा काय म्हणतोय ते कळायच्या आत त्यांच्या तोंडून 'होय' निघून जातं. चहा हवा का? होय. नको ना? होय. आठ नंबरच्या बरोबर डोक्यावर पंखा, आणि पंख्याच्या वाऱ्यानं बिचाऱ्यांना खोकल्याची उबळ यायची. मला तर पंखा हवाच होता. म्हणून परवा रात्री मी मोठ्या मनानं खाटांची अदलाबदल सुचवली. ते म्हणाले, होय. आम्ही उशा बदलल्या, पाण्याचे तांबे बदलले, चपला बदलल्या. डोक्याशी असलेल्या पाट्या आणि पायथ्याशी टांगलेल्या फायली मात्र जागच्या जागी ठेवल्या, कारण हॉस्पिटलच्या कागदपत्रांना रुग्णानं हात लावू नये एवढी शिस्त मला आहे.

काल सकाळी माझं ऑपरेशन. तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही अशी ताकीद होती, आणि भुकेनं जीव कासावीस झालेला. इतक्यात एक ट्रे घेऊन बाई आली, 'आठ नंबर' म्हणाली आणि माझ्यापुढे दूध, पाव आणि उकडलेलं अंडं ठेवून गेली. दाजी, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मला वाटलं, हल्ली नियम भराभर बदलताहेत, उपाशी राहण्याचाही बदलला असेल. मी अंडं सोलत असताना स्ट्रेचर घेऊन एक माणूस आला. 'सात नंबर?' असं त्यानं विचारलं. म्हातारे म्हणाले, होय. त्यानं सात नंबरची फाईल काढून त्यांच्या पायांवर ठेवली आणि त्यांना घेऊन गेला. जाताना त्यांनी मला हात हलवून निरोप दिला. मीही हलवला. एका हातात अंडं होतं, म्हणून दुसऱ्यानं.

मग एक तगडी बाई आली, म्हणाली पालथे व्हा, आणि माझी पाठ अशी बडवली, की गोधडीसुद्धा कुणी इतक्या मनापासून झटकत नाही. त्यानंतर तोंडाला मास्क लावून औषधाची वाफ दिली. मी सगळं मुकाट्यानं सोसलं. म्हटलं ऑपरेशनच्या आधी हीच पद्धत असेल. शेवटी ती फायलीत काहीतरी लिहीत खुशीत म्हणाली, "आजोबा, खोकला पुष्कळ कमी आहे हं आज!" खोकल्याचं मला काही वाटलं नाही, पण 'आजोबा' लागलं. अजून आजोबा व्हायला मला आठवडा तरी आहे. ही गेली की आपलं वय किती लावलंय ते बघावं, म्हणून मी शिस्त बाजूला ठेवून ती फाईल ओढली. वय अठ्ठ्याहत्तर. छातीत पाणी. हृदय अशक्त. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पोटात गोळा आला. (हर्नियाचा नव्हे. हा वेगळा.)

दाजी, मी धावलो. हॉस्पिटलचा तो गाऊन तुम्हाला माहीत आहे ना, मागे दोन नाड्यांवर अब्रू टांगलेला? एक हात गाऊनला, एक हात हर्नियाला, त्यामुळे दारं ढकलायला डोकं तेवढं उरलं होतं. तीन दारं मी डोक्यानं उघडली. थिएटरच्या दारात पूर्वी म्हणे पुन्हा नाव विचारत असत, पण आदेशाची प्रत तिथेही पोचली होती. (तुमच्या हॉस्पिटलात एवढ्या तत्परतेनं दुसरं काहीच पोचत नाही. मी दुसरी उशी मागितली होती, ती अजून यायची आहे.) म्हाताऱ्यांना त्यांनी विचारलं होतं, हर्निया ना? होय. डावी बाजू? होय. सकाळपासून काही खाल्लं नाही ना? होय. हाताला सुई टोचून झाली होती, भुलीचं औषध सिरिंजमध्ये भरलेलं होतं. आणि त्या थिएटरच्या दारात उभा राहून मी बोंब ठोकून माझं नाव सांगितलं. वडिलांचं नाव, आडनाव, डावी बाजू, सगळं. कुणी विचारलं नव्हतं, तरी दोनदा सांगितलं. भूल देणारे डॉक्टर तिथल्या तिथे स्टुलावर बसले. म्हणाले, या छातीला ती भूल झेपली नसती.

पुढचं ऐका. सर्जननी पहिला प्रश्न मलाच केला: अंडं खाल्लंत? मी नाही म्हणणार होतो, पण मिशीला पिवळं लागलेलं होतं. झालं, ऑपरेशन रद्द, उद्यावर ढकललं, आणि वर माझीच खरडपट्टी. म्हाताऱ्यांना वॉर्डात परत आणलं, तर ते एकदम खुशीत. त्यांना वाटलं होतं छातीचा फोटो काढायला नेलं. पंखा नसल्यामुळे रात्री झोप छान लागली, म्हणून त्यांनी माझा हात हातात घेऊन उपकार मानले. संध्याकाळी त्यांची बायको आली. तुम्ही धावत गेलात म्हणून माझं माणूस परत आलं, असं म्हणत तिनं माझ्यापुढे हात जोडले, आणि पिशवीतून आणलेलं केळं माझ्या उशाशी ठेवलं. दाजी, मला त्या बाईच्या तोंडाकडे बघवेना. केळं अजून तसंच आहे.

आता दोष कुणाचा म्हणाल, तर तो पंख्याचा आहे. थोडा म्हाताऱ्यांच्या 'होय'चा, आणि ट्रे आणणारीनंही जरा माणूस बघून अंडं ठेवायला हवं होतं. मी माझ्यापुरती चौकशी केली असून माझ्याकडे काही दोष निघत नाही. घरातल्या सगळ्या थोरामोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

आपला मेहुणा,
खाट क्रमांक सात (मूळची)

ता. क. ते परवाचं मंडळाचं पत्रक मागे घ्यायचं काही करता येईल का? आजच्या आज झालं तर फार बरं. फक्त माझं नाव येऊ देऊ नका. एका सुजाण रुग्णानं सुचवलं, एवढं पुरे.

ता. क. २. मघाशी लिहायचं राहिलं. कालच्या प्रकाराबद्दल उलटतपासणीबाईंकडून लेखी खुलासा मागवला आहे आणि त्यांना या वॉर्डातून हलवणार असं ऐकतो. हे मात्र होऊ देऊ नका. त्या नेमानं नाव विचारत होत्या, आणि ते बंद मी करवलं. काल दुपारी त्या माझं तापमान बघायला आल्या होत्या. मला वाटलं, आता चांगल्या सुनावतील. त्यांनी खाटेचा नंबर वाचला, थर्मामीटर लावला आणि गेल्या. सुनावलं असतं तर बरं झालं असतं. इथे माझं नाव घालायचं असलं तर घाला. पूर्ण घाला.

ता. क. ३. ताईबद्दल वर लिहिलं आहे ते खोडलं आहे असं समजा. उद्या सकाळी मला आत नेणार, आणि काल थिएटरच्या दारातून परत आणल्यापासून मला इथे एकदाही कुणी नाव विचारलेलं नाही. रात्रभर मी ते मनातल्या मनात म्हणत पडलो होतो. पट्टी कपाटातून काढून दोऱ्यानं पुन्हा बांधली आहे, पण माझ्या गाठीवर माझाच विश्वास नाही. दाजी, मला भीती वाटते. ताईला पहाटेच गाडीत घालून पाठवा. थिएटरच्या दाराशी उभं राहून तिनं मला विचारावं, पूर्ण नाव काय, कशासाठी आलास, कुठली बाजू? तिला सगळं माहीत आहे, तरी विचारावं. मी चिडणार नाही. आणि मी नीट सांगितलं तरी तिनं पुन्हा एकदा विचारावं.