मल्हाररावांचं मानपत्र

श्री. मल्हारराव (परवापरवापर्यंत मल्ह्या), मुक्काम दौंड, यांस,

न्हावऱ्याहून मच्छिंद्रचा आधी नमस्कार, आणि मग बाकीचं सगळं.

इकडे आम्ही बरे आहोत. तिकडे तुम्ही आमच्याहून बरे असणार, हे विचारायला नको. पेपरात बक्षीस घेतानाचा फोटो पाहिला. गाल वर आलेत. (बक्षीस मिळालं की येत असावेत, मला अनुभव नाही.) मोनिकावहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, लेखकाची बायको झाल्यावर जिने चढू नयेत, लोकांना वर बोलवावं. इथल्या घरची काळजी करू नका. तात्याबा रोज चौकात लेकाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाठीमागचा फोटो दाखवतात. मला तो आतापर्यंत इतक्यांदा दाखवलाय की तुमच्या उजव्या भुवईवरचा तीळ मी झोपेतही काढून दाखवीन.

हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच लिहिलं असतं, पण बक्षीस मिळाल्यापासून तुम्ही त्या निळ्या खुणा बंद करून ठेवल्यात. तुम्ही वाचून उत्तर देत नाही की वाचतच नाही, यातलं नेमकं काय मनाला लावून घ्यावं ते कळत नाही. म्हणून कागदावर लिहून दौंडच्या एसटीत बसणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती देतोय.

तर येत्या रविवारी गावात तुमचा जाहीर सत्कार आहे हे तुम्हाला माहीतच आहे. फ्लेक्स लागला. तुमचा फोटो मधोमध आहे, मात्र डेअरीचे चेअरमन हनुमंत आप्पा यांचा त्याहून थोडा मोठा आहे, तेवढं समजून घ्या. शाल, श्रीफळ, फेटा ठरला. राहिलं मानपत्र. ते चौकटीत बसवून, स्टेजवर मोठ्यानं वाचून तुम्हाला द्यायचं, आणि ते लिहायचं काम आप्पांनी माझ्या गळ्यात घातलं. कारण काय, तर मी तुमच्या बाकावर बसायचो! अहो, बाकावर बसून लिहिता आलं असतं तर त्या बाकानंही लिहिलं असतं. पण मी नाही म्हणायच्या आत सुलक्षणानं तिच्या माहेरी, निमोण्याला, फोन करून सांगितलं की मानपत्र आमच्या ह्यांच्या हातचं आहे. आता तिच्याकडच्या बायका जीप करून ते ऐकायला येणार आहेत. तुम्हाला पाहायला नाही, माझं मानपत्र ऐकायला. आणि कागदावर अजून 'सन्माननीय' याच्यापुढं काही नाही.

स्पष्टच सांगतो, मला तुमचा हेवा वाटतो. लोक म्हणतात मित्राचं कौतुक झालं की ऊर भरून येतो. माझा भरून आला, पण ती ॲसिडिटी निघाली. गोळी घेतली.

तुम्ही मुलाखतीत म्हणालात की मला प्रवासात सुचतं. सुचणारच! तुमचा प्रवास रेल्वेच्या पासावर, खिडकीशी बसून. आणि ऑफिसात टेबल, पंखा, वर वेळेवर चहा. माझा प्रवास फटफटीवर, उसाच्या ट्रॉलीमागं. मी दूध संघाचा विस्तार अधिकारी. (काय विस्तारता, असं तुम्ही एकदा विचारलं होतंत. पोट सोडून दाखवण्यासारखं काही नाही.) तरी म्हटलं, बघू या प्रवासात सुचतं का. शिक्रापूरला साहेबांची मिटिंग होती. चौकात नेहमीप्रमाणे सगळं तुंबलेलं. कंपनीच्या बसा, कंटेनर, आणि मध्ये मी. मोबाईल हेल्मेटमध्ये खुपसला, बोलून टायपिंग करायचं ते बटण दाबलं आणि सुरुवात केली, साहित्याच्या प्रांगणातील तेजस्वी तारा. तेवढ्यात मागचा ट्रकवाला ओरडला. मोबाईलनं इमानदारीनं सगळं उतरवून घेतलं. मिटिंगला पोचून पाहतो तर लिहिलंय, 'साहित्याच्या प्रांगणातील तेजस्वी तारा भैया मरना है क्या साईड में ले'. खरं सांगू? तुमच्यावर लिहिलेलं तेवढं एकच वाक्य मला आतापर्यंत मनापासून पटलंय.

मिटिंगमध्ये तरी लिहावं, तर साहेब प्रोजेक्टरवर पडदा लावतात आणि पडद्यावर जे लिहिलंय तेच मोठ्यानं वाचतात. मान हलवत राहावी लागते. मान हलवता हलवता लिहून पाहा एकदा, मग द्या म्हणावं बक्षीस. मधल्या सुट्टीत दोन ओळी जमत आल्या होत्या, तर शेजारच्या तालुक्याचा अधिकारी वाकून बघायला लागला. त्याला सांगितलं मल्हाररावांचं मानपत्र आहे, तर तो म्हणतो, म्हणजे तुम्ही त्यांना ओळखता? आणि मग चहा संपेपर्यंत तुमच्याबद्दलच बोलला. माझा चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी निमोण्याला मिटिंग होती. विषय, गाईंच्या कासेचे आजार. आपल्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे, आधी सत्कार, मग विषय. माझा सत्कार झाला, पण आहेर अधिकाऱ्याचा करावा की गावच्या जावयाचा, यावर वाद पडला, म्हणून दोन्ही केले. मग डॉक्टरांचा, मग डॉक्टरांच्या ड्रायव्हरचा. शाली कमी पडल्या म्हणून माझ्या अंगावरची एक उतरवून ड्रायव्हरच्या अंगावर घातली. तेही चाललं असतं. पण माझी ओळख करून देताना सासरवाडीच्या सेक्रेटरीनं माइकवर सांगितलं की हे आपले जावई, लेखक मल्हाररावांचे दोस्त! माझ्याच सासरी, माझ्याच मिटिंगला, टाळ्या तुम्हाला! कासेपर्यंत पोचेस्तोवर लोक धारा काढायला उठून गेले होते.

असं हिंडून हिंडून जेव्हा काहीच सुचलं नाही, तेव्हा मी एक केलं. मागच्या वर्षी तालुक्याच्या पशुप्रदर्शनात निमोण्याच्या गिताबाईंच्या गाईचा दुधात पहिला नंबर आला होता, तेव्हा संघाकडून तिचं मानपत्र मीच लिहिलं होतं. (ते झटक्यात झालं होतं. गाईचा मला हेवा वाटत नव्हता.) लॅपटॉपमध्ये होतंच. वरचं नाव बदललं, 'गोमाता' होतं तिथं 'साहित्यिक' घातलं, कास आणि सड काढून टाकले, आणि सत्कार समितीसमोर वाचलं. ऐका: 'आपली राहणी साधी, नजर शांत, चाल डौलदार. बाहेरच्या खुराकाची अपेक्षा न ठेवता, घरच्या चाऱ्यावर आपण जे विक्रमी उत्पादन दिलेत आणि दोन्ही वेळच्या नेमात जे सातत्य राखलेत, त्यानं उभ्या तालुक्याची मान उंचावली आहे. आपली पुढची पिढीही अशीच गुणवान निपजो.'

मला वाटलं, आता कुणीतरी हसणार. पण समितीनं टाळ्या वाजवल्या. हनुमंत आप्पा म्हणाले, "घरच्या चाऱ्यावर, हे लई बेस बसलंय. पोरानं शाळा गावातच केली, कुठं पुण्याला गेला न्हाई." तात्याबांनी तर डोळे पुसले. म्हणाले, "माझ्या मल्हारचं गुण आसं आजवर कुनी सांगितलं न्हवतं." एकमतानं मंजूर झालं. फक्त आप्पांचं नाव एकदाच आलंय, ते आणखी दोन ठिकाणी यावं, एवढीच सूचना निघाली. मी घरी आलो तो शीळ घालतच. आपण काय लिहिलंय याचा नव्हे, तुम्हाला भर स्टेजवर काय ऐकायला लागणार याचा तो आनंद होता, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

सुलक्षणा भाकरी थापत होती. तिला मोठ्या हौसेनं वाचून दाखवलं. 'चाल डौलदार' येताच तिचा हात थांबला. म्हणाली, "आवो, ही तर गिताबाईची गाय!" ती त्या प्रदर्शनाला होती, हे मी विसरलो. आणि जे मला माहीतच नव्हतं ते असं, की गिताबाईंनी ते मानपत्र गोठ्याच्या दारावरच टांगलंय आणि निमोण्यातली प्रत्येक बाई शेणपाण्याला जाता-येता ते वाचत असते. म्हणजे रविवारी जीपमधून उतरणाऱ्या सगळ्यांना ते तोंडपाठ! मग ती म्हणाली, "भाऊजींनी तुमच्यावर केवढं झाक लिवलंय, आन् तुम्ही त्यास्नी गाय केलं व्हय?"

तिथं मला खरा राग आला, मल्ह्या. (आता तुम्ही-बिम्ही पुरे.) तुझ्या पुस्तकातला तो अधिकारी, जो कांदाचाळीत मोबाईलला रेंज आली म्हणून ऑनलाईन मिटिंगला तिथंच उभा राहतो आणि साहेब बोलत असताना मागून बोकड येऊन त्याच्या पिशवीतली पोस्टरं खातो, तो मी आहे. हे तुला मीच फोनवर सांगितलं. ज्या संध्याकाळी ते घडलं, त्या संध्याकाळी मी ते आधी सुलक्षणाला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, हात धुवून घ्या, वाढते. आणि तेच तुझ्या पुस्तकात आलं तर ती चुलीपुढं बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, आणि मला हाक मारून म्हणाली, ऐका हो, काय लिहिलंय भाऊजींनी! पुस्तकाच्या त्या पानांवर तिच्या तेलाच्या बोटांचे ठसे आहेत. दुसऱ्या कुठल्या पानांवर नाहीत. घडतं मला, आणि हसतात ते तुझ्याकडे. बक्षिसाचा हेवा गोळीनं जातो, ह्याचा जात नाही.

बरं, ती रागावली म्हणावं तर तसंही नाही. गाईचा कागद तिनं चुलीत घातला, माझ्यापुढं कोरा ठेवला आणि म्हणाली, "दुसरं लिवा. तुमाला येतंय." एवढंच. भाकऱ्या थापायला लागली. मला येतंय! बाईमाणसानं इतका भरवसा ठेवला की माणसाला पळायलाही जागा राहत नाही. त्या दिवसापासून मी मिटिंगांना आधी जातो आणि उशिरा निघतो. साहेब खूष आहेत.

असो. फार लांबलं. मनात काही ठेवू नका. रविवारी लवकर या, फेटा बांधायला वेळ लागतो, तुमचं डोकं तसंही आता मोठं झालंय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा, बाकावरचा उजव्या बाजूचा,
मच्छिंद्र

ता.क. : तुझं मानपत्र तूच लिहून पाठव. उद्याच्या एसटीनं पाठवलंस तरी चालेल. ह्यासाठीच एवढं लिहिलं, वरचं नाही वाचलंस तरी हरकत नाही.

ता.क. २ : आप्पांचं नाव तीनदा यायला हवं. स्वतःचं कौतुक बेतानं कर, म्हणजे मला वाचताना त्रास होणार नाही. खाली 'शब्दांकन : मच्छिंद्र' हे ठळक टाक. बोकडाबद्दल एक अक्षर नको.

ता.क. ३ : आणि मल्ह्या, फार चांगलं लिहू नकोस. थोडं अडखळत लिही, एखादी ओळ फसू दे. सुलक्षणा पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि तिला तुझं लिहिणं ओळखू येतं. माझं, ती गाय सोडली तर, तिनं अजून वाचलेलं नाही.