क्लेमच्या वाऱ्याची वाटणी

मी, थिर्झा ट्रेंबाथ, वय बहात्तर, राहणार ब्रोकन हिल, सिनेमाचे संगीतकार कै. क्लेम ट्रेंबाथ यांची विधवा, हे लिहून ठेवते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. खात्री हवी त्यानं माझ्याशी पत्ते खेळून पाहावं. मला कोणी भरीस घातलेलं नाही. घालायला आले होते, त्यांची नावं खाली येतील. यापूर्वी काही लिहिलं असेल ते रद्द समजावं.

१. घर आणि सामान मुलगा डेन्झिल याला. बापाची पदकंही त्यालाच. ती प्रेमानं पुसणारा तेवढा एकच उरलाय.

२. परसातली पत्र्याची टाकी शेजारच्या मेव्हिस पास्को यांना. क्लेमनं ती जन्मभर रिकामी ठेवली आणि आत बसून बडवली. मेव्हिसनं तीत पाणी भरावं.

३. कुंपणाच्या तारेवर फिरवायचा लांब गज गावच्या शाळेला. नवऱ्याचं मोठेपण मी नाकारणार नाही. आमच्या देशाच्या सिनेमात मेंढरं चरायची आणि मागे परदेशी व्हायोलिनं रडायची. खाणीतून वर आलेला, संगीताचा एक धडाही न गिरवलेला क्लेम म्हणाला, "या माळावर व्हायोलिन आणलं कोणी? मेंढरांनी?" आणि त्यानं अख्खं कुंपणच वाजवलं. तसं आधी कोणी ऐकलं नव्हतं. पोरांनीही वाजवावं, फक्त कुंपणाच्या मालकाला विचारून.

४. दिग्दर्शक ग्रॅहम व्हिकरी यांना कान तुटलेला कप. कारण पुढच्या कलमात.

५. आता ती टेप, जिच्यासाठी सगळे माझ्या मरणाकडे डोळे लावून बसलेत. व्हिकरीच्या दुष्काळावरच्या चित्रपटात ती वाजते. लोक तिला 'क्लेमचं वारं' म्हणतात. उजाड माळ दिसतो, ते वारं सुटतं आणि माणसं अंधारात आपापला गळा चाचपतात.

ते वारं नाही. ती आमची रोवेना आहे, तेव्हा नऊ वर्षांची. धुळीच्या वादळात तिला दम्याचा झटका आला. मी इस्पितळाच्या धुलाईघरात कामावर होते. दम्याचा पंप बापाच्या खिशात होता आणि हातात माइक. मी घरात शिरले तर पोरीचे ओठ जांभळे, आणि हा ओठांवर बोट ठेवून मलाच "श्श!" करतोय.

यात गुपित काही नाही. चारचौघांत जेवताना तोच रंगवून सांगायचा, "पोरीनं काय सूर धरला होता! पंप दिला असता तर मैफल मोडली असती!" पाहुणे हसायचे. रोवेना बटाटे वाढत असायची. मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव. पुढे येईल त्या दिग्दर्शकाला तेच वारं हवं झालं. मोठी होता होता तिचा दमा गेला, तेव्हा घरात एकच माणूस हिरमुसला.

गेल्या नाताळात व्हिकरी एका चित्रपट जपणाऱ्या संस्थेची माणसं घेऊन आला. अख्खी टेप लोकांना ऐकवायची म्हणे, सिनेमात न घेतलेल्या "बाबा, पंप द्या ना" सकट.

"थिर्झा, ही देशाची ठेव आहे," व्हिकरी म्हणाला.

"मग देशानं तेव्हा पोरीची पाठ शेकायला यायचं होतं."

डेन्झिल मध्ये पडला. "आई, बाबांचं नाव राहील गं."

"राहू दे की. पण बहिणीच्या छातीवर पाय देऊन?"

सबब ती टेप, तिच्यावरचे माझे सर्व हक्क आणि ती वाजवायचं मशीन एकट्या रोवेनाला. तिनं जाळावी, पुरावी, वाटलं तर संस्थेला द्यावी. ती करेल तीच माझी इच्छा समजावी.

मी तिला विचारलं, "काय करशील गं तिचं?"

तिनं मशीनवरची धूळ पुसली. मग म्हणाली, "आधी एकदा सगळी ऐकीन."

"कशाला जिवाला त्रास?"

"तेव्हा त्या पोरीजवळ कोणी बसलंच नव्हतं ना, आई. मी बसेन."

म्हणून शेवटची अट घालते. रोवेना ती टेप ऐकत असेल तेव्हा डेन्झिलनं, व्हिकरीनं किंवा देशानं तिचं दार वाजवू नये. तिला किती वेळ लागेल ते तिचं तिला ठरवू द्यावं.

वाचून, समजून, दोघांच्या देखत सही केली.

थिर्झा ट्रेंबाथ

साक्षीदार:
आयव्हर रोडा, पाववाले
कॉरल टिंडल, परिचारिका

ब्रोकन हिल, ९ ऑगस्ट १९९४